जुन्या ईमेलचा शोध, स्वतःच्या संगणकावर

मोरगावच्या मयूरेश्वराचं देऊळ चिंचवड देवस्थानाच्या व्यवस्थेखाली आहे. या देवस्थानाचा, त्याच्या इनामांचा आणि देव घराण्याचा अभ्यास लॉरेन्स प्रेस्टन यांनी केला आणि त्यावरचं ‘द देव्ज ऑफ चिंचवड’ हे पुस्तक केंब्रिज विद्यापीठाच्या प्रकाशन संस्थेनं १९८९ साली काढलं. असा अभ्यास होऊ शकतो तो जुने कागद टिकले आणि हवा तो कागद काढता आला म्हणूनच. पुण्याच्या पेशवे दफ्तरात कागदांचे गठ्ठे कापडी रुमालांत बांधून ठेवलेले आहेत. कोणत्या रुमालात काय आहे याची यादी नसेल, तर रुमाल सुरक्षित असूनही उपयोगाचा नाही.

आज मोरगाव, सुपे, बारामती, इंदापूर या पट्ट्यातला कितीतरी व्यवहार ईमेलमध्ये साठतो आहे. डाळिंब निर्यात करणाऱ्या बागायतदाराकडे प्रयोगशाळेचे अहवाल आणि माल पाठवणाऱ्या एजंटाची पत्रं असतात. शेतकरी उत्पादक कंपनीच्या सचिवाकडे सनदी लेखापालाशी झालेला पत्रव्यवहार असतो. जनाई-शिरसाई उपसा योजनेच्या पाण्यासाठी पाठपुरावा करणाऱ्या गावकऱ्याकडे अर्ज, स्मरणपत्रं आणि माहिती अधिकाराच्या पोचपावत्या असतात. हे सगळं दहा-पंधरा वर्षांचं, तीन-चार खात्यांत विखुरलेलं: सुरुवातीचं रेडिफमेल, मग याहू, मग जीमेल, शिवाय संस्थेचं वेगळं. प्रत्येक खात्यात स्वतंत्र शोधायचं, तेही रेंज असेल तेव्हा. शिवाय दोन वर्षं न वापरलेली वैयक्तिक खाती काढून टाकण्याचं धोरण गूगलनं २०२३ मध्ये जाहीर केलं आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरपासून ते लागू झालं. घरातला कर्ता माणूस गेल्यावर त्याच्या खात्याचं असं होऊ शकतं, हे फार थोड्या घरांना ठाऊक आहे.

म्हणून माझा आग्रह आहे की सगळी मेल एकदा आपल्या संगणकावर उतरवून घ्या, तिची सूची तयार करा आणि कमांड लाइनवरून, म्हणजे काळ्या खिडकीत आज्ञा टंकून, ती शोधायला शिका. आठ-दहा वर्षं जुना लॅपटॉप या कामाला पुरतो, सगळी साधनं फुकट आहेत आणि एकदा सूची झाली की इंटरनेट लागत नाही. मी ‘नॉटमच’ या साधनावर भर देणार आहे. कार्ल वर्थ यांनी ते २००९ मध्ये सुरू केलं. सूची करण्याचं खरं काम त्याच्या पोटातली ‘झापियन’ ही प्रणाली करते. नॉटमच मेलच्या मजकुराला हात लावत नाही, फक्त वाचतं आणि शेजारी सूची ठेवतं. इतरांच्या सह्यांची, तारखांची पत्रं सांभाळताना ही गोष्ट मला सगळ्यात मोलाची वाटते. खाली आज्ञा उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. टंकताना त्या इंग्रजी लहान अक्षरांत, ‘नॉट’ आणि ‘मच’ हे शब्द जोडून टंकायच्या. शोधायचा मराठी शब्द मात्र मराठीतच टंकायचा.

आधी मेल हातात घेऊ. जीमेलसाठी सोपा मार्ग गूगल टेकआउटचा, म्हणजे गूगलकडची आपली माहिती उतरवून घेण्याच्या सोयीचा. तिथे बाकी सगळ्या खुणा काढून फक्त मेल निवडा. काही तासांनी, खातं मोठं असेल तर एक-दोन दिवसांनी, फाइल उतरवायची लिंक येते. ती आठवडाभरच चालते, तेव्हा वायफाय मिळेल अशा दिवसाचा बेत आधीच करा. आत ‘एमबॉक्स’ प्रकारची फाइल मिळते. या प्रकारात हजारो पत्रं एकाखाली एक चिकटवून एकच लांबलचक फाइल केलेली असते.

दुसरा मार्ग आयमॅपचा, म्हणजे मेल सर्व्हरवरून थेट उतरवण्याचा, आणि रोजची नवी मेल पुढेही उतरत राहावी असं वाटत असेल तर तोच बरा. त्यासाठी ‘एमबीसिंक’ हे साधन आहे. उबुंटू लिनक्सवर ते ‘आयसिंक’ या नावानं बसवावं लागतं. जीमेलचा नेहमीचा पासवर्ड इथे चालत नाही. दोन टप्प्यांची पडताळणी सुरू करून सोळा अक्षरांचा ॲप पासवर्ड घ्यावा लागतो. एमबीसिंकच्या मांडणीच्या फाइलीत दोन ओळींकडे नीट लक्ष द्या: ‘सिंक’पुढे ‘पुल’ आणि ‘एक्सपंज’पुढे ‘नन’. पहिलीमुळे मेल फक्त तिकडून इकडे येते. दुसरीमुळे तिकडे कोणी पत्र पुसलं तरी तुमची प्रत राहते. जीमेलमध्ये एकच पत्र अनेक लेबलांखाली दिसतं, म्हणून सगळी फोल्डर न घेता ‘ऑल मेल’ हे एकच घ्या. खात्याची भाषा मराठी ठेवली असेल तर या फोल्डरचं नावही बदललेलं असतं. एमबीसिंकला ‘-एल’ हा पर्याय दिला की ते फोल्डरांची खरी नावं दाखवतं, तीच वापरा.

नॉटमचला प्रत्येक पत्र वेगळ्या फाइलीत लागतं. या रचनेला ‘मेलडिर’ म्हणतात. डॅनियल बर्नस्टाइन यांनी नव्वदच्या दशकात आपल्या ‘क्यूमेल’साठी ती आखली. एमबीसिंक थेट याच रचनेत उतरवतं. टेकआउटची एमबॉक्स फाइल असेल तर ‘एमबीटूएमडी’ ही छोटी आज्ञा तिचे तुकडे करून देते (नावातला ‘टू’ म्हणजे इंग्रजी आकडा २). मूळ फाइलीचा पत्ता देताना पूर्ण द्या, कारण अर्धवट पत्ता ती तुमच्या होम फोल्डरपासून धरते.

विंडोज वापरणाऱ्यांनी इथे थांबून एक गोष्ट वाचावी. मेलडिरमधल्या फाइलींच्या नावात अपूर्णविराम, म्हणजे कोलन, असतो. विंडोजला फाइलीच्या नावात कोलन चालत नाही. त्यामुळे विंडोजवर लिनक्स चालवण्याची सोय, डब्ल्यूएसएल, वापरत असाल तर मेल लिनक्सच्या होम फोल्डरमध्येच ठेवा, सी ड्राइव्हवर नको. तिथे लाखभर बारक्या फाइली वाचायला वेळही फार जातो.

आता सूची. ‘नॉटमच सेटअप’ दिलं की ते तुमचं नाव, मुख्य पत्ता, इतर पत्ते आणि मेलचं फोल्डर विचारतं. इतर पत्त्यांत बंद पडलेलं रेडिफमेलसुद्धा लिहा. नव्या पत्रांना आपोआप कोणते टॅग लावायचे, असाही प्रश्न येतो. जुन्या संग्रहाला ‘अनरेड’ लावण्यात अर्थ नाही. ‘जुने’ असा एकच टॅग पुरे. टॅग मराठीत चालतात. मग ‘नॉटमच न्यू’ द्या आणि चहाला जा. पहिल्या वेळी पत्रांच्या संख्येप्रमाणे काही मिनिटांपासून तास-दोन तासांपर्यंत लागू शकतात. वाटेत थांबवावं लागलं तर कंट्रोल आणि सी दाबा. पुन्हा तीच आज्ञा दिली की राहिलेल्या कामापासून पुढे चालू होतं. एकच पत्र दोन ठिकाणांहून आलेलं असेल, तर त्याचा आतला ओळखक्रमांक पाहून नॉटमच ते एकच धरतं. त्यामुळे टेकआउट आणि आयमॅप दोन्हींतून मेल घेतली तरी निकालात दुहेरी गर्दी होत नाही.

काही वाचक विचारतील की फाइलींत शब्द शोधायला लिनक्समध्ये ‘ग्रेप’ असताना सूचीचा खटाटोप कशाला. इंग्रजी पत्रांसाठी ग्रेप थोडंफार चालतं, मराठी पत्रांसाठी बहुधा मुळीच नाही. ईमेलची व्यवस्था घडली ती फक्त रोमन अक्षरं धरून. म्हणून मराठी मजकूर पाठवताना त्याचं ‘बेस सिक्स्टीफोर’ किंवा ‘कोटेड प्रिंटेबल’ अशा रोमन सांकेतिक लिपीत रूपांतर होतं. एखाद्या मराठी पत्राची फाइल उघडून पाहा. ते बेस सिक्स्टीफोरमध्ये असेल आणि मजकूर देवनागरीने सुरू होत असेल तर तिथे ४, मग के आणि एस, किंवा ४, के आणि डब्ल्यू अशी सुरुवात दिसेल. ‘डाळिंब’ हा शब्द त्या फाइलीत त्या रूपात नसतोच, मग ग्रेपला तो सापडणार कसा? विषयाच्या ओळीचंही असंच. नॉटमच हा संकेत आधी उलगडतं आणि मग शब्द नोंदवतं. मराठीत पत्रव्यवहार करणाऱ्याला सूचीची गरज इंग्रजीवाल्यापेक्षा जास्त आहे, असं मी म्हणतो ते यामुळे.

शोधाची साधी आज्ञा अशी:

नॉटमच सर्च डाळिंब प्रयोगशाळा

दोन्ही शब्द असलेली पत्रसंभाषणं तारखेसह येतात, नवी आधी. नेमकं शोधायचं असेल तर ‘फ्रॉम’, ‘टू’, ‘सब्जेक्ट’, ‘अटॅचमेंट’, ‘डेट’ या शब्दांपुढे कोलन देऊन मजकूर जोडायचा, मध्ये जागा सोडायची नाही. तारखेच्या पट्ट्यासाठी दोन तारखांमध्ये दोन टिंबं. तारीख मात्र इंग्रजी आकड्यांत, आधी वर्ष, मग महिना, मग दिवस:

नॉटमच सर्च सब्जेक्ट:बुकिंग डेट:२०२३-०८-१५..२०२३-१०-१५

भाद्रपदातल्या यात्रेच्या काळातली खोल्यांची पत्रं शोधणाऱ्या मोरगावच्या लॉजवाल्यासाठी हा पट्टा मी मुद्दाम सैल ठेवला आहे. गणेश चतुर्थी २०२३ मध्ये १९ सप्टेंबरला होती, २०२४ मध्ये ७ सप्टेंबरला आणि २०२५ मध्ये २७ ऑगस्टला. तिथीवर चालणारी आठवण तारखेत बसवताना दोन्ही बाजूंना महिनाभर जागा ठेवावी. ऊसवाल्यांना हे सोपं जातं, हंगाम ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून मार्च-एप्रिलपर्यंत धरला की झालं.

मराठीची खरी अडचण प्रत्ययांची. नॉटमचला इंग्रजी शब्दांची रूपं ओळखता येतात, मराठीची नाही. ‘पाणी’ शोधलंत तर ‘पाण्याचं’, ‘पाण्यासाठी’ असलेली पत्रं येणार नाहीत, आणि सरकारी पत्रांत तर हीच रूपं जास्त. उपाय तारांकनाचा आहे. शब्दाचा न बदलणारा भाग लिहून पुढे तारा टाका, आणि सगळं एकेरी अवतरणात ठेवा, नाहीतर काळी खिडकी ताऱ्याचा भलताच अर्थ लावते:

नॉटमच सर्च ‘पाण* आणि आवर्तन*’

इथे ‘आणि’ च्या जागी इंग्रजी ‘अँड’ टंकायचं, किंवा नुसती जागा सोडली तरी चालतं. ‘पाण*’ मध्ये पाणी, पाण्याचा, पाणीपट्टी सगळं येतं. पाणंदसुद्धा येईल, पण तेवढं डोळ्यांनी गाळता येतं. कुठे तोडायचं हे प्रत्येक शब्दाला वेगळं असतं. साखर, साखरेचा यांना ‘साखर*’ पुरतं. विहीर आणि विहिरीचा यांत ह पुढची वेलांटी दीर्घाची ऱ्हस्व होते, म्हणून ‘विह*’ पर्यंत मागे यावं लागतं. तारा शब्दाच्या शेवटीच चालतो, सुरुवातीला नाही.

याहून चकवणारी गोष्ट आपल्या नदीच्या नावातच आहे. मोरगाव कऱ्हेच्या काठावर वसलं आहे. त्या नावातला अर्धा र संगणकावर दोन तऱ्हांनी लिहिला जातो. एका तऱ्हेत साधा र, हलन्त आणि एक न दिसणारं जोडचिन्ह असतं, दुसरीत र ला खाली नुक्ता असलेलं वेगळंच अक्षर. डोळ्यांना दोन्ही सारखीच दिसतात, संगणकाला ते दोन वेगळे शब्द आहेत. ‘शेतकऱ्यांना’, ‘दुसऱ्या’, ‘अधिकाऱ्यांकडे’ या सगळ्यांना हे लागू आहे. एका कळफलकावरून लिहिलेलं पत्र दुसऱ्या कळफलकावरून शोधताना सापडत नाही ते यामुळेच. शक्य असेल तिथे त्या अक्षराच्या आधीच शब्द तोडा: ‘शेतक*’, ‘अधिका*’. कऱ्हासारख्या छोट्या शब्दात तसं केलं तर उरतो फक्त क, तेव्हा पूर्ण शब्द दोन्ही तऱ्हांनी लिहून मध्ये ‘ऑर’ द्या. त्यासाठी दोन्ही रूपं एका मजकूर फाइलीत एकदा जपून ठेवा आणि तिथून चिकटवत जा.

आकड्यांचंही पाहा. गट क्रमांक कोणी मराठी आकड्यांत लिहितं, कोणी इंग्रजी. दोन्ही ‘ऑर’नं जोडून विचारा. साधारण २०१० पूर्वीच्या पत्रांत आणखी एक प्रकार भेटतो: श्रीलिपी, कृतिदेव यांसारख्या जुन्या फॉन्टांत लिहिलेला मजकूर. तो फॉन्ट नसेल तर रोमन अक्षरांची भेळ दिसते. ते पत्र मराठी शब्दानं सापडणार नाही. पाठवणाऱ्याचा पत्ता आणि तारखेचा पट्टा देऊन तिथवर जा आणि पत्र मिळालं की त्याला ओळखीचा टॅग लावा, म्हणजे पुढच्या वेळी शोधाशोध करावी लागत नाही. ‘पाणी सुटले का’ असं रोमन लिपीत लिहिणारेही पुष्कळ, तेव्हा महत्त्वाचा शब्द रोमन स्पेलिंगमध्ये एकदा टाकून पाहावा.

टॅग हा मला या सगळ्यातला सर्वात उपयोगी भाग वाटतो. एक चांगला प्रश्न जमला की त्याच्या सगळ्या उत्तरांवर एका फटक्यात खूण करता येते:

नॉटमच टॅग +जनाई -- ‘शिरसाई* ऑर जनाई* ऑर सब्जेक्ट:उपसा’

मग ‘नॉटमच सर्च टॅग:जनाई’ म्हटलं की सगळा पाठपुरावा तारखेनं समोर. त्याला ‘डेट’ जोडून माहिती अधिकाराचा अर्ज कधी गेला ते काढा. २००५ च्या कायद्यानुसार सर्वसाधारणपणे ३० दिवसांत उत्तर मिळायला हवं, आणि उत्तर आल्यावर किंवा ती मुदत संपल्यावर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील करता येतं. गावातले अनेक चांगले अर्ज या मुदती उलटून गेल्यामुळे अडकतात. तारखा हाताशी असलेला माणूस मुदत चुकवत नाही.

एखाद्या कामात कोणकोण गुंतलं होतं ते आठवत नसेल तर ‘नॉटमच ॲड्रेस टॅग:जनाई’ द्या, पत्रं पाठवणाऱ्यांची यादी मिळते. ‘नॉटमच काउंट’ नुसती संख्या सांगतं. पत्र वाचायला ‘नॉटमच शो’ आहे. रोज वाचायचं असेल तर नॉटमचवर बेतलेला ‘अलॉट’ किंवा ‘मट’चा नवा अवतार ‘निओमट’ बसवा, डोळ्यांना बरं पडतं.

वाद कोर्टात जाण्याची शक्यता असेल तर मात्र छापील प्रत किंवा स्क्रीनशॉट यांच्यावर विसंबू नका. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू आहे. त्याच्या कलम ६३ मध्ये इलेक्ट्रॉनिक नोंद पुरावा म्हणून कशी द्यायची ते सांगितलं आहे. सोबतच्या प्रमाणपत्राच्या नमुन्यात त्या फाइलीचं ‘हॅश’ मूल्य, म्हणजे तिच्या मजकुरावरून काढलेली ठशासारखी ओळख, लिहावं लागतं. इथे नॉटमच थेट कामाला येतं. शोधाला ‘--आउटपुट=फाइल्स’ जोडलं की मूळ पत्राच्या फाइलीचा पूर्ण पत्ता मिळतो, आणि त्या फाइलीवर ‘शा२५६सम’ ही आज्ञा चालवली की हॅश मूल्य. पत्र कोणत्या सर्व्हरांमधून कधी गेलं याच्या नोंदी या मूळ फाइलीतच असतात. कागद कसे सादर करायचे ते वकिलांकडून ठरवून घ्या, पण मूळ फाइल तुमच्याकडे असेल तरच त्यांना काही करता येईल.

जोडलेल्या पीडीएफमधला मजकूर नॉटमच वाचत नाही, हे आधीच सांगायला हवं. जोडफाइलीचं नाव तेवढं नोंदतं, म्हणजे ‘अटॅचमेंट:रेसिड्यू*’ चालतं. आतला मजकूर हवा असेल तर ‘रिकॉल’ बसवा. त्याच्याही पोटात झापियनच आहे. ते मेलमधल्या पीडीएफ, वर्ड, एक्सेल उघडून वाचतं, एमबॉक्स फाइलही तशीच वाचतं, आणि ‘रिकॉलक्यू’ या आज्ञेनं कमांड लाइनवरूनही शोधता येतं. स्कॅन केलेल्या पत्रात मजकूर नसतो, चित्र असतं. त्यासाठी चित्रातली अक्षरं ओळखणाऱ्या ‘टेसरॅक्ट’ला मराठीची जोड-फाइल द्यावी लागते. चांगल्या स्कॅनवर ते छापील मराठी बऱ्यापैकी वाचतं, हस्ताक्षरासाठी त्याच्यावर भिस्त ठेवू नका. ईमॅक्स हा मजकूर-संपादक वापरणाऱ्यांना ‘म्यू’ हे नॉटमचचं भावंड जास्त आवडेल.

संस्थेची मेल घरच्या लॅपटॉपवर उतरवायची असेल तर संचालकांची लेखी परवानगी घ्या. या संग्रहात बँकेचे तपशील, आधारच्या प्रती, लोकांची दुखणी-खुपणी असतात, म्हणून लॅपटॉपची डिस्क कूटबद्ध केलेली असावी. लिनक्स बसवतानाच तो पर्याय येतो, तो निवडा.

रोजचं काम ठरलेल्या वेळी आज्ञा चालवणाऱ्या ‘क्रॉन’वर सोपवा. रात्री ठरलेल्या वेळी आधी एमबीसिंक, मग नॉटमच न्यू. त्या वेळी वीज किंवा नेट नसेल तर दुसऱ्या रात्री राहिलेलं उतरतं. पहिले काही दिवस सकाळी ‘नॉटमच काउंट’ पाहा. आकडा वाढत नसेल तर बहुधा ॲप पासवर्ड रद्द झालेला असतो.

बॅकअप घेताना सूचीचं फोल्डर वगळलं तरी चालेल, ती पुन्हा करता येते. टॅग मात्र तुमच्या मेहनतीचे असतात आणि ते फक्त सूचीतच असतात. महिन्यातून एकदा ‘नॉटमच डंप’ देऊन ते एका फाइलीत काढा, ‘नॉटमच रिस्टोर’नं ते परत बसवता येतात. मेलचं फोल्डर पेनड्राइव्हवर तसंच टाकू नका, कारण कोलनची अडचण तिथेही आहे. आधी ‘टार’नं एक गाठोडं करा, मग टाका. पेनड्राइव्ह जुन्या पद्धतीचा, म्हणजे फॅट-३२, असेल तर त्यावर चार जीबीहून मोठी फाइल मावत नाही, तेव्हा गाठोडी वर्षावार बांधा. एक प्रत घरी आणि एक दुसऱ्या गावच्या नातेवाइकाकडे ठेवा, दोन्ही कूटबद्ध करा, आणि त्यांवर पासवर्ड चिकटवून ठेवू नका.